आत्याच्या पाठीचा कोट

मित्रांनो, मला डोके नाही, हातपाय नाहीत, तरी जिवाला स्वस्थता म्हणून नाही. दार वाजले की वाटते, आज कोणाचे कापड अंगावर येणार? मी शिवणाच्या वर्गातला एक जुना पुतळा आहे.

साच्यावर कागदाच्या लगद्याचे थर चढवून मला घडवले. वर कापूस, त्यावर जाड सुती कापड, खाली फिरता लोखंडी दांडा. कारागीर मला निरखून म्हणाला, "इतका नीटस माणूस जगात सापडायचा नाही." मी ते कौतुक समजलो.

मग या शाळेत आलो. वरच्या इयत्तेत वस्त्रकला आणि फॅशन डिझाइन हा विषय घेतलेली मुले माझ्यावर कापड टाचत, उसवत, पुन्हा टाचत. त्यांच्या बाईंच्या ओठांत सदा टाचण्या, म्हणून त्यांना टाचणीबाई म्हणत. "पुतळ्याला बसलं की जगाला बसलं," असे त्या सांगत. माझी छाती कागदाची, तरी फुगायची.

एका वर्षी वर्गात ढगळी आली. थोरल्या बहिणीचे कपडे वापरायची, म्हणून हे नाव. शेवटच्या परीक्षेसाठी प्रत्येकाने एका खऱ्या माणसाचा कपडा बेतायचा होता. ढगळीने आपली आत्या निवडली. आत्याची पाठ लहानपणापासून एका अंगाला वाकलेली. कोणताही कोट तिच्या एका खांद्यावरून घसरे. शिंप्यांचा तोडगा एकच, सैल शिवू.

"आत्या मापच देत नाही हो," ढगळी बाईंना म्हणाली. "म्हणते, जुना सदरा ने, पण पाठीला टेप लावायचा नाही."

मग तिने तो सदरा उलटासुलटा करून पाहिला. कुठे ताणला होता, कुठे विरला होता, तिथे तिथे माझ्या पाठीवर कापूस चढवून पट्ट्यांनी बांधला. मुले हसली. मलाही ते रुचले नाही. पण कोट आकार घेऊ लागला, तसे ध्यानात आले की आजवर मी कोणासारखाच नव्हतो. आता एका माणसासारखा दिसत होतो. त्या माणसाला पाहायची मला तगमग लागली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्गात नुसती धांदल होती. एका हुशार मुलीच्या कपड्याची घडी कधी मोडत नसे, म्हणून तिला 'कडक इस्त्री' म्हणत; तिला पुतळा हवा होता. तिने माझा कापूस ओरबाडून काढला. ढगळी आली तेव्हा तो टोपलीत चिंध्यांत पडला होता.

"मला वाटलं, तुझं झालं असेल," कडक इस्त्री पुटपुटली. तिचा चेहरा उतरला होता.

कोटाची एक बाही आणि अस्तर बाकी होते, आणि कापूस पुन्हा चढवायला वेळ नव्हता.

"सरळ पुतळ्यावरच उरकून टाक," बाई म्हणाल्या.

"मग तो आत्याचा राहणार नाही," ढगळी म्हणाली आणि घरी फोन करायला धावली.

दुपारी आत्या आली. दारात क्षणभर घुटमळली. सगळे तिच्या पाठीकडे बघत होते आणि तिला ते कळत होते. मग ती आत शिरली.

"सरकवा त्याला," माझ्याकडे बोट करून ती म्हणाली. "मी उभी राहते. ही पाठ आता आणखी वाकायची नाही, निवांत टाचा."

मला कोपऱ्यात ढकलले. कडक इस्त्री टाचण्या पुरवू लागली. टाचणीबाई स्वतः बाही जोडतात त्या मुंढ्याशी वाकल्या. "इथं ओढ बसतेय का?"

"बसतेय," आत्या म्हणाली. "हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी कोट हातात घेतला. "दोन बाजू सारख्या नाहीत," ते म्हणाले.

"नसणारच," बाई म्हणाल्या. "आधी माणूस बघा."

आत्याने कोट घातला, हात वर केला, खाली वाकली. कोट जागचा हलला नाही. अस्तर चुरगळले होते, त्यामुळे ढगळीला गुण बेताचेच मिळाले. कोट प्रदर्शनासाठी ठेवायचा होता. आत्या म्हणाली, "मग प्रदर्शनात मलाच उभं करा." आणि तो अंगात घालूनच ती घरी गेली.

आता नवे पुतळे आलेत. मी अडगळीच्या खोलीत बादल्यांशेजारी आहे. कापडाला कसर लागली आहे. बाहेर यंत्रांची घरघर सुरू झाली की मी आतल्या आत तळमळतो. मित्रांनो, मला एकदा ऊन दाखवा, झाडा, ठिगळ लावा. मग ज्याला कुठलाच कपडा बसत नाही, अशा कोणाचा तरी आकार माझ्यावर चढवा. टाचण्या मला सोसतात. हे रिकामे उभे राहणे सोसवत नाही.