तरवडाच्या बियांचा निवद

एकनाथला कुणाला तरी घाबरवल्याबिगर अन्न पचत नसायचं. मागल्या साली ह्याच माळावर साप साप करून त्यानं सगळ्या भावकीला चपला सोडून पळवलं होतं. यंदा त्याच्या डोक्यात मोगली एरंड होता.

जुळे सोलापुरात ऱ्हाणारी सगळी भावकी सकाळीच गावी आलेली. माळावर तरवडाच्या शेंगा वाळून खुळखुळत होत्या. त्यातल्या बारीक बिया काढायच्या, भाजायच्या, शेंगदाणे नि गूळ घालून लक्ष्मीआईला निवद दाखवायचा, ही ह्यांच्या घरची रीत. बिया पाखडायला चुलती मुक्ताबाई बसली होती. एकनाथनं कुंपणावरच्या मोगली एरंडाच्या सहा विषारी बिया हळूच तिच्या सुपात सोडल्या. काकू पाखडताना बोंब ठोकायची, एवढाच बेत. मग तंबाखू मळायला झाडाखाली टेकला आणि तितंच डोळा लागला.

जागा झाला तवा कढई उतरली होती. गुळात सगळंच काळं दिसत होतं; काकूनं त्या बिया निवडल्या की नाही, कळेना. निवदाचं आधी चाखायचं नसतं, म्हणून अजून कुणी तोंडात घातलं नव्हतं. नारळ फुटला. पहिला प्रसाद सगळ्यात लहानग्याचा. एकनाथच्याच पोरीनं, सृष्टीनं, हात पुढं केला.

एकनाथ धडपडत पुढं आला. त्यात मोगली एरंड हाय, खाऊ नका, म्हणून तो सांगत सुटला.

"झालं ह्याचं सुरू," भाऊ अभिमन्यू म्हणाला. "आज साप न्हाय व्हय रं?"

एकनाथनं आईची शपथ घेतली. मग तर त्याची बायको शकुंतलाबी हसली. तीच शपथ त्यानं सापाच्या येळेला घेतली होती. सृष्टीनं घास तोंडाशी नेला.

त्यानं तिच्या हातावर फटका मारला अन् कढईला लाथ घातली. देवीचा प्रसाद मातीत गेला. पोरगी रडायला लागली.

मुक्ताबाईनं सावकाश पदराची गाठ सोडली. आत काळ्या बिया होत्या, पाच.

"सुपातच घावल्या मला सगळ्या," ती म्हणाली. "म्हटलं, एकदा तूबी भी की. म्हणून गप बसले."

एकनाथनं मोजल्या. परत मोजल्या.

"काकू, सहा हुत्या."

मग सगळेच गुडघ्यावर आले. माती चाळली, ढेकळागत झालेला गूळ फोडला. काही सापडेना. शेवटी एकनाथनं सृष्टीच्या हातनं उडालेला घास उचलून चिमटीत दाबला. शेंगदाण्याला चिकटून ती निघाली.

त्यानं ती काकूच्या तळहातावर ठेवली. म्हातारीनं सहाच्या सहा मोजल्या. मग त्यानंबी.