आठाची शेपटी

तात्याराव वकिलांनी ‘मजूर’ या शब्दावर आडवी रेघ मारली, वरच्या मोकळ्या जागेत ‘शेजारीण’ लिहिलं आणि कागद मंजुषाकडे सरकवला.

“टायपिंगवाल्याकडून एवढं बदलून आणा, ताई. अकराला आपला पुकारा हाय.”

मंजुषाने कागद उचलला नाही. ग्राहक आयोगाच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर ती तिघं बसली होती. टोकाला कडूबाई होती, तिच्या मांडीवर पिशवी आणि पिशवीत जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. शपथपत्र तिचंच होतं.

“त्या शेजारीण नाहीत,” मंजुषा म्हणाली. “चार वर्षं माझ्याकडे कामाला आहेत.”

“तेच तर दिसाय नको.”

वकिलांनी पुन्हा समजावून सांगितलं. वीज कंपनीच्या उत्तरात व्होल्टेजबद्दल एक ओळही नव्हती. तक्रारदार रेशीम अळ्या वाढवून विकते, म्हणजे धंदा करते आणि धंदेवाला ग्राहक नसतो, तेव्हा तक्रार ऐकूच नये, एवढंच म्हणणं. कायद्याने एक फट ठेवली होती. स्वतःच्या पोटासाठी स्वतः राबणारा माणूस ग्राहक ठरतो. हाताखाली मदतीला कुणी असलं तरी चालतं, असंही काही निकाल म्हणतात. पण त्यावर वाद घालत बसलं तर दोन वर्षं जातील. त्यापेक्षा हाताखाली कुणी नव्हतंच.

मंजुषाने पर्समधून विजेचं बिल काढलं आणि वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे ‘ग्राहक क्रमांक’ छापलेलं होतं.

“पैसे घेताना मी ग्राहक आणि वीज द्यायची वेळ आली की धंदेवाली?”

“बिलावरचं बिलावर राहू द्या,” तात्याराव म्हणाले. “आत असं बोलू नका.”

तिने बिलाची घडी घातली, मग घडीची घडी, आणखी एक, कागद दुमडेना इतकी.

देवगाव फाट्यापासून आत तीन किलोमीटरवर तिचं चॉकी केंद्र होतं. अंड्यांतून निघालेल्या अळ्या पहिले आठ दिवस तिथे वाढायच्या, दुसरी कात टाकली की शेतकरी घेऊन जायचे. त्या आठ दिवसांत खोलीचं तापमान अठ्ठावीसच्या वर जायला नको आणि हवेत ओलावा हवा. सतरा एप्रिलला दुपारी बाराला व्होल्टेज एकशे अडुसष्टवर आलं, दोन वाजता एकशे अठ्ठेचाळीसवर. कूलरची मोटर नुसती गुरगुरत राहिली. चार वाजता खोलीत एकोणचाळीस अंश होते. बावीस शेतकऱ्यांच्या तेरा लाख अळ्या पाल्यावरून तोंड फिरवून मरून पडल्या. नवी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसवा म्हणून त्याआधी तिने सहा अर्ज दिले होते. सहाही अर्जांच्या पोच तिच्याकडे होत्या.

त्या दुपारी मंजुषा केंद्रात नव्हती. दुपारी ती नेहमीच तुतीचे प्लॉट बघायला जायची. केंद्रात कडूबाई होती. तिने पोती भिजवून खिडक्यांना टांगली, तासातासाला पुन्हा भिजवली, आणि तेवढ्यातही दर दोन तासांनी भिंतीवरच्या मीटरचा आकडा रजिस्टरमध्ये लिहिला.

शपथपत्रात आता ती पोती तक्रारदाराने टांगली होती. शेजारणीने फक्त पाहिली होती.

“कडूमावशी, हे असं लिहिलंय,” मंजुषाने तिला वाचून दाखवलं. “तुम्ही सांगा. नाही म्हणालात तर मी हे देणार नाही.”

कडूबाईने पदराच्या टोकाने रजिस्टरचा कोपरा पुसला.

“केस न्हाई झाली तर केंद्र बंद होईल का?”

“पुन्हा असा उन्हाळा आला तर होईल.”

“आमचे हे दसऱ्याची वाटच बगायलेत. ऊसतोडीच्या मुकादमाला सांगून बी ठेवलंय त्यांनी, औंदा जोडीनं येतो म्हणून.” ती थांबली. “कोयता नको वाटतो आता, ताई. आणा टाईप करून.”

तात्याराव चष्मा पुसत राहिले. मंजुषा उठली आणि कागद घेऊन गेली.

कंपनीचे वकील तरुण होते आणि तक्रारीसोबत दिलेल्या प्रतीवरून त्यांनी रजिस्टर नीट वाचलेलं होतं. मंजुषाला वाटलं होतं ते कुणीच वाचणार नाही. त्यांनी एप्रिलचं पान उघडून अध्यक्षांसमोर ठेवलं. सकाळचे आणि रात्रीचे आकडे इंग्रजी, सुबक, एका मापाचे. बारा, दोन आणि चारचे मराठी, मोठे, आणि त्यातल्या प्रत्येक आठाची शेपटी थेट खालच्या रेघेपर्यंत गेलेली.

“तक्रारदार म्हणतात त्या एकट्याच काम करतात. मग ही दुसरी व्यक्ती कोण?”

तात्याराव उभे राहिले, पण अध्यक्षांनी त्यांना हातानेच बसवलं आणि मागच्या बाकावरच्या कडूबाईकडे पाहिलं.

“शपथपत्र तुमचं ना, बाई? यातलं काही तुम्ही लिहिलंय का?”

कडूबाई उभी राहिली. पहिल्या वर्षी भिंतीवरच्या कॅलेंडरवरून ती आकडे शिकली होती. तारखांवर बोट फिरवत, आधी जमिनीवर खडूने, मग जुन्या वहीत. ज्या दिवशी मंजुषाने रजिस्टर तिच्या हातात दिलं, त्या दिवशी तिने पेन दोरी बांधून मीटरशेजारी टांगलं होतं, हरवायला नको म्हणून. सही त्यानंतर वर्षभराने आली.

“मला न्हाई येत साहेब लिव्हायला,” ती म्हणाली.

कारकुनाने शपथपत्र पुढे केलं आणि सहीसाठी पेन दिलं. कडूबाईने पेनाकडे पाहिलंही नाही. डावा अंगठा पुढे करून उभी राहिली. शाईचं पॅड लगेच सापडेना. कारकून खण उघडून शोधत होता तोवर तो अंगठा तसाच टेबलावर धरलेला होता.

“मॅडम,” अध्यक्ष मंजुषाला म्हणाले, “हे सगळे आकडे तुमचे?”

त्या पानावरचा एकही आकडा खोटा नव्हता. सहा अर्ज, एकशे अठ्ठेचाळीस, एकोणचाळीस अंश, यातलं काहीही आज कुणी विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते एवढंच. मंजुषाने टेबलाची कड घट्ट धरली.

“हो.”

“मग दोन प्रकारचे कसे?”

“दुपारी मराठीत लिहिते,” ती म्हणाली. “सवय आहे.”

मागे कागदावर अंगठा दाबल्याचा आवाज झाला.

दुपारनंतर आदेश झाला. कंपनीचा आक्षेप अमान्य, तक्रारदार ग्राहक आहे, प्रकरण पुढे चालेल. पुढच्या तारखेला मूळ रजिस्टर पुन्हा आणावं. तात्यारावांनी अभिनंदन केलं. मंजुषाने हात जोडले नाहीत. सेलूपर्यंतच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि कडूबाई अंगठा लुगड्याला घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी केंद्रात नवी बॅच होती. मंजुषा प्लॉटवर गेली नाही. बाराला कूलरचा आवाज बदलला, जड झाला. कडूबाई मीटरपाशी गेली.

“एकशे अडुसष्ट,” ती म्हणाली आणि बाजूला सरकली.

“लिहा ना, मावशी.”

“न्हाई. रजिस्टर पुन्ना बगणार हायेत ते. आता तुमीच लिवा.”

दोरीला टांगलेलं पेन मंजुषाने हातात घेतलं. नोंद दुपारची होती. तिने मराठी एक लिहिला, सहा लिहिला, आठ लिहिला. कडूबाईने मान वाकडी करून पाहिलं.

“आठ तसा न्हाई, ताई. शेपटी इथवर न्या.” तिने खालच्या रेघेवर अंगठा टेकवला. नखाच्या कडेला अजून निळी शाई होती.

मंजुषाने शेपटी खाली ओढली. पेन कागदात रुतलं.

“हां,” कडूबाई म्हणाली. “आता माझ्यासारखा आला.”

ती पोती भिजवायला बाहेर गेली.