तुंगेच्या ओटीतली तलवार

“म्हैसूरच्या राजांचं घोडदळ ज्या घराण्याच्या जिवावर उभं होतं, त्या घराण्याचा वंश चंद्रसूर्य असेपर्यंत बुडायचा न्हाय!” असं भवानीबाईंनी जाहीर केलं, तेव्हा त्या उसाच्या सरीत फतकल मारून बसल्या होत्या आणि तळपायातला काटा काही केल्या निघत नव्हता. घोडदळाचं तसं खरंच होतं. पणजोबा घोड्यांपाशीच असायचे. फक्त घोड्यावर नसायचे, गवताच्या भाऱ्याखाली असायचे. पण तेवढ्यावर सगळ्या घराला ‘राव’ लागलं ते लागलंच. पुढं बन्नूरच्या अलीकडं कालव्याकाठची चिखलाची जमीन कसता कसता घोडी गेली, शिपाईगिरी गेली, राव मात्र राहिलं.

शेजारच्या सरीत सून तुंगा भांगलत होती. ती त्या वेळी बाहेरची होती. चार दिवस म्हणून मागच्या पडवीत बसायची, ती अर्धा महिना तिथंच असायची. लुगड्याच्या घड्या भिजून जायच्या, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, ओठ पांढरेफटक पडायचे. या घराचा नियम असा, की विटाळशीनं लोणच्याची बरणी शिवायची नाही. ऊस भांगलायला हरकत नव्हती. विटाळ लोणच्याला लागतो, उसाला लागत नाही. लोणचं घरात खायचं असतं आणि ऊस कारखान्याला जातो, म्हणून असेल.

“तीन वर्सं झाली लग्नाला,” काटा तिथंच सोडून भवानीबाई म्हणाल्या. “एकदा राहिलं तेबी तिसऱ्या महिन्यात घालवलंस. पाटाचं पाणी उडी मारून ओलांडत्यात काय गं?”

“पाटाच्या पल्याड म्हशीला सोडायला तुमीच धाडलं होतं, आत्याबाई.”

“धाडलं होतं. उडी मार म्हणलं होतं?”

पूल अर्धा मैल लांब होता. तुंगा खुरपं चालवत राहिली.

खंडेनवमी जवळ आली आणि भवानीबाईंनी दागिने चिंचेनं घासायला काढले. त्यात आजेसासूचा चांदीचा कंबरपट्टा होता. हा पट्टा म्हणजे घरातला वैद्य. सुनेला बांधून बघायचा. कडी लागली तर रिकामी, नाही लागली तर दिवस गेले. या घरात एवढं शास्त्र पुरायचं.

“श्वास आत घे,” भवानीबाई म्हणाल्या.

“घेतलाय.”

“पोट घे आत.”

“ते ऐकत न्हाय, आत्याबाई.”

भवानीबाईंनी कडी ओढली, गुडघा लावून ओढली, आणि मग त्यांचं तोंड एकदम उजळलं. “अय्यो देवा! चौथा सरून पाचवा लागलाय की गं! आणि बोलली न्हाईस?”

“आत्याबाई, मी परवापत्तुर पडवीत होते. पोटुशी बाई पडवीत बसती का?”

“सुम्ने बस, गप! पट्ट्यानं आजवर खोटं सांगितलं न्हाय.”

“पोटात कायतरी घट्ट लागतंय. हात लावून बघा. हलत न्हाय, काय न्हाय.”

“आमच्या घरातली पोरं शिपायाची. पोटातबी हुकूम झाल्याबिगर हलत न्हाईत.”

पडवीचं काय करायचं हा प्रश्न सोसल्याहून येणाऱ्या गुंडेराव भटजींनी सोडवला. पोटुशीला विटाळ नसतो. म्हणजे जे जातंय तो विटाळ नव्हे, असा निकाल त्यांनी दुसऱ्या वाटीभर पायसाबरोबर दिला. तुंगेचा त्यात फायदा एवढाच झाला, की आजवर त्या दिवसांत फक्त शेत होतं, आता शेत आणि स्वयंपाक दोन्ही आलं.

तुंगेनं नवऱ्याला गाठलं ते कालव्यावर. मालोजीराव बैल धूत होता. माणूस वाईट नव्हता. बोलायचा मात्र बैलांशीच. गेलं वर्षभर तो रानातल्या खोपीत झोपायचा. गावात त्याचा लौकिक झाला होता, की काय शेतकरी आहे, पिकाला क्षणभर सोडत नाही. खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. जवळ आला की तुंगेच्या ओटीपोटात सुरी फिरल्यागत कळ यायची. ती पदराचा बोळा तोंडात धरायची. त्यानं एकदा तो बोळा बघितला आणि दुसऱ्या दिवशी घोंगडी उचलून खोपीत गेला. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

“अवो,” तुंगा म्हणाली, “पट्ट्याचं खरं न्हाय. तुमी घरी झोपला कधी, की मला पाचवा लागंल?”

मालोजीनं बैलाच्या वशिंडावर पाणी ओतलं. “मग आई म्हणती ते कसं?”

“तेच इचारतेय मी. मला रोग हाय. म्हैसूरला दाखवा.”

“आईला सांगू?”

“सांगा की.”

त्यानं नाही म्हणून मान हलवली आणि दुसऱ्या बैलाकडं वळला.

खंडेनवमीला सगळं गाव ओसरीत जमलं. घराण्याची रीत अशी, की पाचव्या महिन्यातल्या सुनेच्या ओटीत नारळाबरोबर पूर्वजांची तलवार घालायची, म्हणजे पोरगा होतो आणि शूर होतो. या रीतीतून आजवर एक बसचा कंडक्टर, दोन कारकून आणि मालोजीराव इतके शूर निपजले होते. तलवार म्यानातून निघत नव्हती. गंजून आतच बसली होती. म्यानासकट पूजा झाली. सासरे दामोदररावांनी डोक्याला जरीचा रुमाल गुंडाळला, गुंडेरावांनी मंत्र म्हटले, बायकांनी पाळण्याच्या ओळी लावल्या, आणि ते जड लोखंड तुंगेच्या ओटीत पडलं.

पडलं तसं ओटीपोटात काहीतरी फुटल्यागत झालं. तुंगेनं खाली बघितलं. बसायचा लाकडी पाट लाल झाला होता. हिरवं लुगडं काळं पडत चाललं होतं. ती उठायला गेली, ओसरी गरकन फिरली, आणि ती तलवारीवरच आडवी झाली.

“तलवार!” भवानीबाई ओरडल्या. “तलवार उचला आधी! बाटली की!”

दामोदररावांनी तलवार उचलली. भटजींनी पंचगव्य मागवलं. ओसरीत वाद सुरू झाला, की शुद्धी नुसत्या म्यानाची करायची का आतल्या पात्याचीही, आणि पातं बाहेर निघतच नसेल तर शास्त्र काय म्हणतं. त्या गडबडीत सून पाटाशेजारी पडली आहे, हे एकालाच दिसलं. मालोजीनं तिला उचललं, बैलगाडीत घातलं आणि रस्त्याला लागला.

“कुठं चाललास रे?” आई मागून ओरडली. “तलवारीची शुद्धी व्हायचीय!”

“तलवार मरत न्हाय,” मालोजी म्हणाला. आईशी उलटून बोललेलं त्याच्या आयुष्यातलं हे पहिलं वाक्य. ते संपल्यावर तो स्वतःच दचकला आणि बैलांना उगाच एक चाबूक बसला.

बन्नूरहून म्हैसूरची बस मिळाली. तिथल्या विजयनगर भागात एक दवाखाना होता, तिथं पोटातलं दिसायचं यंत्र नवीन आलं होतं. डॉक्टरीणबाई वेदवती म्हैसूरच्याच मराठी घरातल्या. त्यांनी तुंगेच्या पोटावर थंडगार काहीतरी चोपडलं, यंत्र फिरवलं आणि पडद्याकडं बोट केलं.

“मूल नाही. गर्भाशयात गाठी आहेत. एक मोठी, दोन लहान. कॅन्सर वाटत नाही, घाबरायचं नाही. पुष्कळ बायकांना असतात, त्रास सगळ्यांना होत नाही. तुला झाला. इतकं रक्त जातं ते यानंच. आधीचं पोट पडलं, तेही कदाचित यानंच.”

“पाट ओलांडला म्हणून न्हाय?” तुंगेनं विचारलं.

“कसला पाट?”

पोट पडल्यापासून तुंगा ते पाणी रोज ओलांडत होती, उडी न मारता, अर्धा मैल वळसा घालून.

मालोजी भिंतीकडं बघत म्हणाला, “डॉक्टर, आणि ते... जवळ गेलं की दुखतं, ते?”

“तेही यानं होतं. हिचं चुकलं नाही, तुमचंही नाही.”

“मला वाटायचं माझा राग येतो हिला,” मालोजी भिंतीला म्हणाला.

“आणि मला वाटायचं तुमाला किळस येती,” तुंगा म्हणाली.

डॉक्टरीणबाई चष्मा पुसायला लागल्या. काच स्वच्छच होती. मग त्या म्हणाल्या, आधी रक्त चढवायचं, मग गाठी काढायच्या. पिशवी वाचवायचा प्रयत्न करू. पुढं मूल होईल का? होऊ शकतं. हमी देता येत नाही.

ही ‘हमी नाही’ गावात पोचली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं सगळं घराणं दवाखान्यात हजर झालं. भवानीबाईंनी येता येताच तोड काढली होती. सोसल्याची त्यांच्या बहिणीची मुलगी, नागरत्ना. धडधाकट पोरगी, पट्टा बांधून बघितलेला, कडी खटकन लागते. तुंगेची गाठ निघो ना निघो, मालोजीनं नागरत्ना दुसरी करून टाकावी. गुंडेरावांनी मुहूर्त बघायला पंचांग बरोबरच आणलं होतं.

रात्रभर रक्त चढवून तुंगेला सकाळीच आत नेलं होतं. तेवढ्यात शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार उघडलं. काढलेलं काय ते नातेवाइकांना दाखवायची तिथं पद्धत होती. नर्स स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर आली. “तुंगाबाईंचे कोण?”

“आम्ही!” भवानीबाई पुढं झाल्या आणि थबकल्या. ट्रेमध्ये लहानशा कोहळ्याएवढा एक पांढुरका, घट्ट गोळा होता. शेजारी दोन लहान. नजर अधू झालेल्या दामोदररावांनी रुमाल सावरला आणि सवयीनं हात जोडले.

“अवो, काय करताय!” भवानीबाई खेकसल्या.

“तूच म्हणलीस ना, पाचवा लागलाय म्हणून,” दामोदरराव म्हणाले.

नर्सनं ट्रे झाकला. “पिशवी शाबूत आहे,” ती म्हणाली आणि आत गेली. गुंडेरावांनी पंचांग पिशवीत सरकवलं.

तिसऱ्या प्रहरी तुंगेला खाटेवर आणलं. तिनं डोळे उघडले तर भोवती कडं करून सगळे उभे. दामोदरराव वडीलधारे म्हणून खाटेवरच बसले होते.

“आपलं घराणं,” त्यांनी सुरू केलं, “घोडदळाचं घराणं—”

“सोसल्याला मी शब्द दिलाय,” भवानीबाई म्हणाल्या.

“परत घ्या,” मालोजी म्हणाला. या खेपेला दचकला नाही. “मी दुसरी करणार न्हाय. पोर झालं तर हिला होईल. न्हाय झालं तर न्हाय.”

“आणि वंश?” भवानीबाईंचा आवाज चढला. “पणजोबांचं नाव? ती तलवार कुणाच्या हातात जाणार? सांग की! तूच सांग, तुंगे, तुझ्या तोंडानं सांग!”

शेजारच्या खाटेवरच्या बाईनंही कुशीवर वळून कान दिला. तुंगेनं सगळ्यांकडं एकेक करून बघितलं. ओठ ओले केले.

“मामंजी,” ती म्हणाली, “वाईच उठता का? माझ्या पायावर बसलाय तुमी.”