हेरंब डॉक्टरांची नळी

हेरंब डॉक्टर एकदा तपासायला बसले की नळी कानातून लवकर काढत नाहीत, ही लालबागच्या त्या चाळीची जुनी तक्रार होती. छातीला लावतील, पाठीला लावतील, पुन्हा गळ्याखाली लावतील, आणि तोवर घरातल्या झाडून सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावून बसायचं. कुणी "डॉक्टर, काल यांनी भजी हाणली" असं सुरू केलंच, तर मान वर न करता नुसता एक हात वर व्हायचा. म्हातारा बहिरा झालाय, असं तरुण पोरं म्हणत. दादरहून रोज येऊन तो टीचभर दवाखाना उघडणारा हा माणूस आता घरी का बसत नाही, असंही लोक म्हणत आणि रात्री भजी बाधली की सकाळी त्याच्याच दारात जाऊन उभे राहत.

हितेंद्र परबला मात्र अलीकडे ही नळी फार सोयीची वाटायला लागली होती. नळी कानात असली की डॉक्टर बोलत नाहीत, आणि डॉक्टर बोलले नाहीत की आईला काही कळत नाही, असा त्याचा साधा हिशोब होता.

आई म्हणजे रखमा. एके काळी तिसऱ्या मजल्यावर, ते आता राहत त्याच खोलीत, तिची खानावळ होती. कोकणातून आलेले, बिऱ्हाड गावाला असलेले गिरणीकामगार तिच्याकडे जेवत. पाळी सुटली की गॅलरीत चपलांचा ढीग पडे आणि दार रात्री निजेपर्यंत उघडं असे. गिरण्या बंद पडल्यावर ती कुठे कुठे डबे पोचवत राहिली. हितेंद्र तेव्हा कॉलेजात होता. आई डबे घेऊन कुठे जाते हे विचारायची त्याला फुरसत नव्हती, आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटत होती.

त्या रखमाला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि कळेपर्यंत तो यकृतात पोचलाही. हितेंद्रने त्याच दिवशी ठरवून टाकलं की आईला सांगायचं नाही. तिला अल्सर झालाय. बायकोला, सुमेधाला, तशी तंबी दिली. परळच्या ज्या हॉस्पिटलचं नाव चाळीत कुणी मोठ्याने घेत नाही, तिथे तर न्यायलाच हवं होतं. मग गड्याने काय करावं? समोरच्या दाराने गेलं तर बोर्ड दिसेल, म्हणून दर वेळी टॅक्सी गल्लीबोळातून फिरवून मागच्या गेटाने आत घेतली. "पोटाचं मोठं हॉस्पिटल आहे, आई," असं तो सांगे. रखमा डोळे मिटून बसलेली असे. हितेंद्र मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटे. सरळ माणूस एकदा बनवाबनवीला लागला की त्याला आपल्याएवढं हुशार कुणी दिसत नाही, त्यातलाच हा प्रकार.

शेजारीपाजारी कुणाच्या तोंडून शब्द निसटू नये म्हणून त्याने खोलीचं दार बंद ठेवायला सुरुवात केली. बाजूच्या लक्ष्मीकाकू वाटीत काहीबाही घेऊन यायच्या, तर "आई झोपलीय" म्हणून त्यांना गॅलरीतूनच परत पाठवायचं. काकू वाटी तशीच झाकून घरी न्यायच्या.

राहता राहिले डॉक्टर. हितेंद्र त्यांना दवाखान्यात जाऊन भेटला.

"आईला काही बोलू नका, एवढंच करा."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "ती विचारते का?"

"नाही."

"मग मी आपणहून सांगणार नाही. पण तिने विचारलं, तर खोटंही बोलणार नाही, हितू. तुला लहानपणी कावीळ झाली होती, डोळे हळदीसारखे पिवळे. पोरगा वाचेल ना, म्हणून तिने मला विचारलं होतं. तेव्हाही खोटं बोललो नव्हतो."

"काय सांगितलं होतंत?"

"माहीत नाही म्हणालो. आणि रोज येत राहिलो."

ते आताही रोज येत होते. गुडघे दुखत असताना, कठड्याला धरून, प्रत्येक मजल्यावर दम खात. परळच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून त्यांनी दुखण्याच्या गोळ्या ठरवून घेतल्या. मॉर्फिन म्हटल्यावर हितेंद्र दचकला. "सवय लागेल ना हो?"

"दुखणं थांबलं तर ती दोन घास खाईल, झोपेल. सवयीची काळजी कसली करतोस? तिला उद्यापासून नोकरीवर जायचंय का?" मग सुमेधाकडे वळून त्यांनी शांतपणे समजावलं की या गोळीने पोट साफ होत नाही, म्हणून ही दुसरी रोज द्यायची, विसरायची नाही. ओल्या कापसाने ओठ कसे पुसायचे, कुशीला उशी कशी लावायची, हे त्यांनी स्वतः करून दाखवलं. पहिल्या चांगल्या झोपेनंतर रखमाने कढी मागितली, तेव्हा सुमेधा मोरीत जाऊन रडली. इतके दिवस त्या घरात धड रडायचीही सोय नव्हती.

डॉक्टर आले की हितेंद्र खाटेशीच खुर्ची ओढून बसे. आईला त्यांच्याबरोबर एकटं सोडायचं नाही, हा त्याचा पहारा. डॉक्टर नळी लावत, गळ्याखालच्या हाडाशी बराच वेळ धरत, आणि रखमाचे ओठ हलके हलत राहत. आवाज काही येत नसे. देवाचं नाव घेत असेल, असं हितेंद्रला वाटे.

पुढे परळच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता औषधाचा ताण तिला झेपणार नाही. घरी ठेवा, आरामात ठेवा. हे ऐकून गप्प बसेल तर तो हितेंद्र कसला! ऑफिसातल्या कुणीतरी दुसऱ्या एका हॉस्पिटलचं नाव सुचवलं. तिथे नवीन उपचार आहे म्हणे. त्याने चौकशी केली, खाट ठरवली, सोमवारी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि रविवारी दुपारी डॉक्टर आल्यावर त्यांना दारातच सांगून टाकलं.

"तिथे नेऊन ते काय करतील, हे विचारलंस?"

"प्रयत्न करतील. आयसीयू आहे, सगळं आहे. मी हातावर हात ठेवून बसू का, डॉक्टर? माझी आई आहे ती."

डॉक्टर त्याच्यावर चिडले नाहीत. या वयाच्या माणसाला चिडायचा हक्क होता, पण त्यांनी फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मुलगा म्हणून तुझं बरोबर आहे," एवढं म्हणाले आणि आत जाऊन खाटेवर बसले.

नळी कानात गेली. घर गप्प झालं. गळ्याखाली नळी लागली तसे रखमाचे ओठ हलू लागले. या वेळी बराच वेळ हलले. डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते आणि मधूनच मान हलवत होते.

मग त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. नळीची कानातली टोकं काढली आणि हितेंद्रपुढे धरली. "घाल कानात."

"मी? मला काय कळणार त्यातलं?"

"घाल. आणि मी सांगेपर्यंत बोलू नकोस."

दुसरं टोक डॉक्टरांनी तिथेच, गळ्याखाली, स्वतःच्या बोटांनी धरून ठेवलं. बाहेरचे आवाज एकदम लांब गेले. आधी श्वास ऐकू आला, खरखरीत, वरवरचा. त्याच्या मागे काळजाचे ठोके, घाईघाईने पडणारे. आणि मग त्यातूनच, जवळून, जणू त्याच्या डोक्याच्या आतून, आईचा आवाज आला.

"झिला, टॅक्सी मागल्या गेटान न्हेलंस तू."

हितेंद्रने नळीची टोकं दोन्ही हातांनी कानांत घट्ट दाबून धरली.

"गिरणी बंद पडल्यार त्याच गेटार मी डबे घेवन जाय होतंय. पेशंटांच्या माणसांका. ता हॉस्पिटल कसला, माका ठावक नाय होय?" श्वास पुरेना म्हणून ती थांबली. ठोके तेवढे चालू होते. "तुका बरा वाटता म्हणान गप ऱ्हवलंय. तू लपवी होतंस, मी लपवी होतंय. आता दमलंय रे."

त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण डॉक्टरांचा दुसरा हात वर होता.

"माका आता खय न्हेव नको. हयच बरा आसा. आणि ता दार उघड. माणसा येव देत. बंद दारात जीव घुसमाटता माझो."

हितेंद्रने कानांतून नळी काढली, ती तशीच गळ्यात लटकत राहिली. त्याने आईच्या उशीला डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडला. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या. रखमाचा हात त्याच्या केसांत हळूहळू फिरत होता.

जिन्यापर्यंत डॉक्टरांना सोडायला जाताना त्याने विचारलं, "तुम्हाला हे कधीपासून माहीत?"

"पहिल्या आठवड्यात बोलली. तुझ्यादेखत."

"मला वाटलं, देवाचं नाव घेतेय."

"देवाचं क्वचित. तुझं पुष्कळदा. हितूला सांगू नका, तो मोडेल, म्हणायची. तू सांगायचास, आईला सांगू नका. दोघांचाही डॉक्टर मीच, मग काय करतो? आज म्हणाली, आता त्याला ऐकू दे." त्यांनी कठडा धरला. "शेवटी श्वास बदलेल. घशात घरघर होईल. ऐकायला वाईट वाटतं, तिला त्रास नसतो. तेव्हा ॲम्ब्युलन्स नको, मला फोन कर. मी येतो."

परत आल्यावर हितेंद्रने ॲम्ब्युलन्सवाल्याला नको म्हणून कळवलं. मग दाराची कडी काढली आणि दोन्ही फळ्या भिंतीला टेकवून त्यांच्यापुढे पाटा लावून ठेवला. लक्ष्मीकाकू गॅलरीत उभ्याच होत्या. त्या आत आल्या, रखमाच्या पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, "बंद दाराआड भारी झोपा काढल्यास गो!" रखमा हसली. बऱ्याच दिवसांनी तिचे दात दिसले.

मग चाळ लोटली. खानावळीत जेवणारे जुने लोक आले, त्यांची मुलं आली. कुणी सोलकढी आणली, कुणी पेज. रखमा चमचाभर घेई आणि आलेल्याला "जेवलंस?" म्हणून विचारी. हितेंद्र ऑफिसातून सुट्टी घेऊन घरीच राहिला. डबे नेमके कुठे कुठे जात होते, हे त्याने तिला विचारलं, आणि ती सांगेल तेवढं बसून ऐकलं. डॉक्टर येतच होते. आता ते तपासून झालं तरी उठत नसत, लोकांत बसून चहा घेत.

एका दुपारी घरघर सुरू झाली. हितेंद्रचा हात मोबाईलकडे गेला, पण त्याने फोन लावला तो डॉक्टरांनाच. दवाखान्यातले पेशंट तसेच बसवून ते आले, कठडा धरून, एका दमात. खोली माणसांनी भरली होती. कुणी नामस्मरण करत होतं, सुमेधा ओल्या कापसाने सासूचे ओठ पुसत होती. हितेंद्रने आईचा हात हातात घेतला होता. डॉक्टर पलीकडे बसले आणि काहीही न करता बसून राहिले. श्वासांमधलं अंतर वाढत गेलं, आणि मग पुढचा श्वास आला नाही.

डॉक्टरांनी नळी कानात घातली. खोली गप्प झाली. छातीला लावली, मग गळ्याखाली, त्या हाडाशी. नेहमीसारखा बराच वेळ ऐकत राहिले. मग नळी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

हितेंद्रच्या तोंडून निघून गेलं, "काय म्हणाली?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

"काही नाही रे. तिचं सगळं तुझ्याशी बोलून झालं होतं."