मैदान कशाला म्हणतात

स्टेडियमला किती जागा लागते, हे अख्ख्या समितीत फक्त मला ठाऊक होतं. तिथंच घोळ झाला. बाकी सगळे साहेब आणि पुढारी. मी नरसिंग मास्तर, हायस्कुलात खेळाचा शिक्षक. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे म्हणून मला घेतलं असणार. पण पत्रात माझ्या नावापुढं ‘तज्ज्ञ सदस्य’ असं टाइप करून आलं आणि मी ते पत्र बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

साल शहाऐंशी. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, आणि पाऊस रुसून दोन. नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. पण जिल्हा झाला म्हटल्यावर स्टेडियम पाहिजेच की! नांदेडला आहे, मग आमच्याकडं का नाही, हे इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारलं की पाण्याचं विचारायचं राहूनच गेलं. मग जागा ठरवायला आमची समिती बसली.

पहिल्या बैठकीत कुणालाच स्टेडियम नको होतं. सरकार जमीन घेणार म्हणताच नांदेड रस्त्यावरच्या हणमंतरावांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, माझं रान म्हणजे काळं सोनं, वर्षाला दोन पिकं. औसा रस्त्यावरचे आप्पासाहेब म्हणाले, माझ्या रानात विहिरीला बारमाही पाणी आहे. ती विहीर मी पाहिलेली आहे. तिच्यात पोरं गोट्या खेळायची.

मग कुणीतरी आवई उठवली, की स्टेडियमशेजारी प्लॉट पडतात आणि त्यांना सोन्याचा भाव येतो. झालं! दुसऱ्या बैठकीत हणमंतरावांच्या काळ्या सोन्याचं एका रात्रीत माळरान झालं. पळण्यापलीकडं त्या जमिनीचा उपयोगच नाही म्हणाले. आप्पासाहेबांची विहीरही आटली. देवणीचे वीरण्णा म्हणाले, लातूरच कशाला, आमच्याकडं द्या, तेवढाच बैलांचा बाजारही आत भरेल. मी टेप घेऊन उन्हातान्हात दोन्ही रानं मोजली. जिथं जाईन तिथं चहा, आणि कानाला लागून एकच सांगणं, मास्तर, जरा आमच्याकडं बघा.

मला त्या कुणाच्याच रानाशी घेणंदेणं नव्हतं. माझा जीव होता आमच्या शाळेच्या मैदानात आणि माझ्या खो-खोच्या बारा पोरींत.

आमचं मैदान निजामाच्या काळापासूनचं, सहा एकर. खो-खोची जागा पोरींनी हातानं दगड वेचून केलेली. मुरूम दबला पाहिजे तर पाणी मारावं लागतं, आणि पाणी आणायचं कुठून? तर भांडी धुतलेलं पाणी प्रत्येक पोरगी घरून तांब्याभर आणायची. बारा तांबे. खांबाजवळ शिंपडायचे, मग मी चुन्याच्या फक्कीनं रेघा मारायचो, मग खेळ. त्यांची कॅप्टन पंचशीला. तिची आई सुमनबाई दुष्काळाच्या कामावर माती उचलायची. मागल्या वर्षी नांदेडच्या विभागीय सामन्यात आम्ही किनवटच्या वसतिगृहाच्या पोरींकडून एका गुणानं हरलो होतो. यंदा जिंकलो असतो तर पंचशीला राज्याच्या निवडीला गेली असती, आणि तिथं नाव लागलं तर पुढचं शिक्षण वसतिगृहात राहून फुकट. दहावीनंतर तिला शिकवायची सुमनबाईची ऐपत नव्हती. पोरीपुढं दोनच वाटा होत्या, खो-खो नाहीतर मातीची पाटी.

तिसऱ्या बैठकीत हणमंतराव आणि आप्पासाहेबांची जुंपली. माझं डोकं फिरलं. मी उठलो आणि म्हणालो, तुम्ही जागेवरून भांडताय, पण मैदान कशाला म्हणतात ते एकदा बघा तरी. चला माझ्या शाळेत!

तीन जीपगाड्या भरून आले. पोरी खेळत होत्या. पंचशीला खांबाला हात घालून गर्रकन वळायची ते बघून समितीच्या मोठ्या साहेबांनी चष्मा पुसला. आणि मला तर काय, उधाण आलं. उतार कसा एका बाजूला, पाणी कसं साचत नाही, ऊन कुणाच्या डोळ्यावर येत नाही, लिंबाची सावली कुठं पडते, वस्तीतली पोरं पायी कशी येतात, सगळं सांगितलं. अर्धा तास मी आमच्या मैदानाची तारीफ करत होतो. तज्ज्ञ ना मी!

हणमंतरावांनी आप्पासाहेबांकडं बघितलं. आप्पासाहेबांनी हणमंतरावांकडं. आपल्या रानात होत नसेल तर निदान त्याच्या तरी होऊ नये, एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं वर्षात पहिल्यांदा जमलं.

“मास्तर,” हणमंतराव म्हणाले, “मग हेच घ्या की.”

साहेबांनी मला विचारलं, जागा योग्य आहे ना? आता काय सांगणार? तोंडानं नुकतंच सगळं सांगून बसलो होतो. सगळे माझी पाठ थोपटत होते. मी सही केली. आणि खोटं कशाला बोलू, सही करताना मला लई बरं वाटलं.

पंचशीला जवळ आली. “सर, मग आमी हितंच खेळायचं ना?”

“तुमच्यासाठीच तर बांधणार आहेत,” मी म्हणालो.

आठ महिन्यांत भिंत उभी राहिली. सपाटीकरण दुष्काळी कामात धरलं, म्हणजे लेकीनं दगड वेचून केलेली जागा उकरायला सुमनबाईच आली. खो-खोचे खांब उपटून कोपऱ्यात टाकले. मधोमध हिरवळ लावली. हिरवळीला रोज एक टँकर यायचा. गावाला आठव्या दिवशी पाणी आणि गवताला रोज! लोक गवतावर चालून जाऊ लागले तेव्हा भिंत आणखी दोन फूट वाढवली.

उद्घाटनाला पाहुणे हेलिकॉप्टरनं थेट हिरवळीवर उतरले. माझ्या बारा पोरी फाटकात डोक्यावर कळस घेऊन उभ्या होत्या. भाषणं झाली, खेळाडू हेच जिल्ह्याचं भूषण वगैरे. खेळ मात्र झाला नाही, कारण मैदानावर खुर्च्या होत्या. दुसऱ्या दिवशी पोरी तांबे घेऊन आल्या तर फाटकाला कुलूप. राखणदार लिंबाजी म्हणाला, गवत बसू द्या. ते गवत काही बसलं नाही.

आम्ही आटलेल्या तळ्यात सराव केला. भेगाळलेल्या गाळात खांब ठरत नव्हता, मग पोरी खांबाच्या जागी आळीपाळीनं उभ्या राहायच्या. नांदेडला किनवटच्या पोरींनी आम्हाला नऊ गुणांनी हरवलं. पंचशीला खांबाशी वळताना तीनदा चुकली. खांबाची सवयच तुटली होती. किनवटच्या पोरींच्या गुरुजींना मी विचारलं, सराव कुठं करता? म्हणाले, वसतिगृहाच्या मागं, जंगलाकडंला. त्यांना अजून कुणी स्टेडियम दिलं नव्हतं, नशीबवान माणूस!

उन्हाळ्यात मला कचेरीतून बोलावणं आलं. माझं अक्षर चांगलं, शाळेचे सगळे फलक मीच रंगवतो, म्हणून स्टेडियमचा एक फलक करून पाहिजे होता. मजकूर त्यांनी लिहून दिला. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. म्हणालो नाही, सवयच नाही तशी.

फलक ठोकायला लिंबाजीनं फाटकाशी एक खांब रोवून ठेवला होता. मी ओळखला तो. वळून वळून पोरींच्या हातांनी मधे गुळगुळीत झालेला, आमचाच खांब. त्याच्याशी बसून मी रंगवत होतो तेवढ्यात फाटकातून बाया बाहेर आल्या. टँकरचं उरलेलं पाणी लिंबाजी दुपारी अर्धा तास बायांना भरू द्यायचा. त्यांच्यात पंचशीला होती, डोक्यावर हंडा. शाळा सुटली होती तिची. सकाळी आईबरोबर कामावर जायची.

ती थांबली आणि फलक वाचू लागली. ‘मैदानात खेळण्यास सक्त’ इथपर्यंत झालं होतं.

“सर,” ती म्हणाली, “त्या दिवशी तुमी आमचं मैदान खराब हाय म्हणला असता तर?”

“मैदान चांगलं होतं गं,” मी म्हणालो. “लई चांगलं होतं.”

“हाव,” ती म्हणाली, “आमालाबी ठावं होतं. आमी कुणाला सांगितलं न्हाई.”

तिनं एक हात हंड्याला लावला, दुसरा जाताजाता खांबावरून फिरवला, आणि बायांच्या मागं निघून गेली. मी ब्रश बुडवला आणि राहिलेला शब्द रंगवून टाकला.