पत्र्यावरची वीज

"काका, मेन स्विच खाली केलाय ना?" बबन खांबावरून ओरडला.

"केलाय रे बाबा! चाळीस वर्षं वायरमन होतो मी, मला विचारतोस?" महिपतीने खालूनच ठणकावलं.

खोटं बोलायचा माणूस नव्हे तो. जीभ सवयीने बोलून गेली. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याने खरवईच्या आपल्या घराच्या पत्र्यावर स्वतःच्या हाताने सोलर पॅनेल चढवली होती. "बाहेरून येणाऱ्या विजेच्या तोंडाकडे किती दिवस बघत बसायचं? आपली वीज आपल्या पत्र्यावर!" असं तो गल्लीभर सांगत फिरायचा. खरं कारण आत पलंगावर होतं. त्याच्या बायकोची, अंजनीची फुफ्फुसं थकली होती आणि तिचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालायचं.

उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पातल्या बाजारातून आणलेला इन्व्हर्टर त्याने थेट घराच्या वायरिंगला जोडला होता. वीज गेली की आधी मेन खाली, मगच इन्व्हर्टर चालू. क्रम चुकला तर घरची वीज उलटी खांबाकडे जाणार, हे त्याला झोपेतही पाठ. पण आज दुपारी खांबावर त्याच्या घराची तार जळली, मशीन बंद पडलं, अंजनीचे ओठ निळे दिसायला लागले. त्याने धावत जाऊन नुसता इन्व्हर्टर दाबला. मग लाइनमन बबनला फोन केला. तो बिचारा ताटावरून उठून आला.

वर फटकन आवाज झाला. बबन पट्ट्याला लोंबकळत थरथरत होता, हात तारेला चिकटलेला.

"अरे देवा! मेन वरच राहिला!" महिपती किंचाळला. तो दाराकडे पळाला, तेवढ्यात गल्लीतले लोक ओरडले, "सुटला! हात सुटला!"

शिडी लावून त्यांनी बबनला खाली घेतलं. तळवा काळा पडला होता, पण श्वास चालू होता. त्याने डोळे उघडले.

"काका... तुम्ही हो म्हणालात."

"चुकलो रे पोरा. माझंच चुकलं," महिपतीने त्याच्यापुढे हात जोडले.

लोकांनी बबनला रिक्षात घातलं. रिक्षा वळली आणि महिपतीच्या लक्षात आलं, हात सुटला म्हणजे वीज तुटली होती. इन्व्हर्टर बंद केला कुणी?

आत मशीन गप्प होतं. अंजनी भिंतीला टेकून उभी, बोट इन्व्हर्टरच्या बटणावर, छाती भात्यासारखी हलत होती.

"मेन... वर दिसला मला," ती कशीबशी म्हणाली. "उतरला... पोरगा?"

"उतरला. जिवंत आहे."

महिपतीने मेनकडे हात नेला.  अंजनीने तो हात हलकेच बाजूला केला, मेन खाली ओढला आणि मग बटण दाबलं.

मशीन सुरू झालं. ती पलंगावर बसली. त्याने मशीनची नळी तिच्या नाकाला लावली.