भरत आलेली चीर

टेबलावरच्या देहाला कुणी ‘बॉडी’ म्हणायचं नाही, असा शरीररचनाशास्त्राच्या बाईंचा दंडक होता. त्यामुळे खिडकीजवळच्या टेबलावर आलेल्या म्हातारीला विद्यार्थी आपसूक आजी म्हणू लागले. देहदान करून गेलेली, किडकिडीत बाई. बोटं मात्र लांबसडक.

बाईंनी स्वतः तिच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत चीर दिली होती. पुढच्या आठवड्यात पोरं कामाला लागली, तर चीर मिटलेली.

“टाके कुणी घातले?” बाई कडाडल्या. “ही काय चेष्टा करायची जागा आहे?”

बाई वाकल्या. टाका एकही नव्हता. कडा आपोआप जुळल्या होत्या आणि मधोमध कोवळी गुलाबी रेघ उमटली होती. फॉर्मालिनमध्ये मुरलेल्या देहात गुलाबी रंग कुठून येणार? त्यांनी तास आटोपता घेतला आणि त्या रेघेचा तांदळाएवढा तुकडा काढला.

बाईंचा नवरा त्याच कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखालची शरीररचना शिकवायचा. “पुस्तक एकच,” तो घरी चिडवायचा, “तू मोठ्या टायपातलं वाचतेस, मी बारीक टायपातलं.” तुकडा कुणाचा, हे बाईंनी त्याला सांगितलं नाही. त्याने तो मेणात बसवला, पातळ काप काढून रंगवले आणि बाईंना बोलावून घेतलं.

“छान भरतेय जखम,” तो भिंगावरून डोळा न काढता म्हणाला. “नव्या रक्तवाहिन्यांना कसे कोंब फुटलेत बघ. पेशंट धडधाकट दिसतोय. कोण गं?”

“आजी.”

तो हसला. मग त्याने बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसणं तिथेच विरलं.

“अदलाबदल झाली असेल नमुन्यांची.”

“चल, तूच बघ.”

दुपारची वेळ होती. विच्छेदनाच्या हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. नवऱ्याने मिटलेल्या रेघेवरून बोट फिरवलं आणि नवं पातं काढलं. दुसऱ्या हातावर बारीकशी चीर देऊन बघायची, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल. पातं कातडीला टेकलं मात्र, मनगटापासून दंडापर्यंत आजींच्या हातावर सर्रकन काटा आला.

पातं फरशीवर पडलं. ते उचलायलाही दोघं थांबली नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आजींच्या मुलीला बोलावलं.

“आई उपयोगी नाही का पडली?” तिने आल्या आल्या विचारलं.

“पडल्या हो. आता पुरे झालं, एवढंच. घेऊन जा त्यांना.”

मुलगी आईच्या उशाशी गेली. “फार हाल झाले हो हिचे. अंथरुणाला खिळून पाठीला जखमा झाल्या होत्या. एकही भरली नाही. डॉक्टर म्हणाले, अंगात जोरच उरला नाही. तशाच उघड्या जखमांनी गेली बिचारी.”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दोघांनी मिळून आजींना हलकेच कुशीवर वळवलं.

पाठ नितळ होती. जखमांच्या जागी नुसते फिकट वण.

मुलगी कितीतरी वेळ त्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, “बाई, आता हिला जाळू कशी?”

आजी तिथेच राहिल्या. बाईंनी त्यांना आतल्या लहान खोलीत हलवलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. मुलगी अधूनमधून येते, हात हातात घेऊन बसते, घरच्या चार गोष्टी सांगते आणि जाते.

बाई रोज जातात. मनगट धरून नाडी बघतात. ती अजून एकदाही लागलेली नाही. पण हल्ली त्या हात लगेच सोडत नाहीत. एक ठोका पडून गेला असेल आणि दुसरा यायचा असेल, तर मध्ये किती वेळ जाऊ शकतो, हे त्यांना आता छातीठोकपणे सांगता येत नाही.